एसईसीचा २०२४ चा फुटबॉल हंगाम: सोळा संघ, आठ सामने, मग पहिले दोन ठरले कसे?

माळरान

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठ-संघांच्या गटाचा, म्हणजे एसईसीचा, २०२४ चा तक्ता समोर आहे. कॉन्फरन्समधल्या सामन्यांत टेक्सास ७–१ (सात विजय, एक पराभव), जॉर्जिया ६–२, टेनेसी ६–२. त्यांच्याखाली अलाबामा, एलएसयू, मिझुरी, ओले मिस, साउथ कॅरोलायना आणि टेक्सास ए अँड एम हे सहा संघ ५–३ वर. ७ डिसेंबरला अटलांटात टेक्सास आणि जॉर्जिया यांचा अंतिम सामना झाला आणि जॉर्जियाने तो ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा खेळात, २२–१९ असा जिंकला.

इथवर ठीक. पुढचं उलगडत नाही:

१. २०२३ पर्यंत पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग होते, दोन्हींचे विजेते अंतिम सामना खेळायचे. आता विभागच नाहीत. २०२४ मध्ये प्रत्येक संघ आठ सामने खेळला, म्हणजे उरलेल्या पंधरांपैकी सात जणांशी त्याची गाठच पडली नाही. मग बरोबरी झाली तर फोडतात कशी?

२. अलाबामाने सप्टेंबरात जॉर्जियाला ४१–३४ असं हरवलं होतं. तरी अलाबामा अंतिम सामन्यात नाही आणि देशाचा विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या बारा संघांतही नाही. एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समधला एसएमयू मात्र आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरूनही आत. हे कसं?

३. प्लेऑफच्या निवड समितीच्या क्रमवारीत टेक्सास तिसरा, पण प्लेऑफमध्ये मानांकन (ज्यावरून जोड्या लागतात तो क्रमांक) पाचवं. अ‍ॅरिझोना स्टेट क्रमवारीत बारावा आणि मानांकन चौथं. यामागचा नियम काय?

निकाल माहीत आहेत. तक्ता वाचायची रीत हवी आहे.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

विभाग १९९२ पासून होते. १ जुलै २०२४ ला टेक्सास आणि ओक्लाहोमा हे दोघे बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून एसईसीत आले, संघ चौदाचे सोळा झाले आणि त्याच हंगामापासून विभाग मोडीत काढले. आता एकच लांबलचक तक्ता आणि त्यातले पहिले दोन अटलांटाला जाणार. २०२४ मध्ये क्रम ठरला तो फक्त कॉन्फरन्समधल्या आठ सामन्यांवर. बाहेरच्या संघांशी झालेले चार सामने इथे मोजायचेच नाहीत. टेक्सासने मिशिगनला त्यांच्या मैदानावर ३१–१२ हरवलं, जॉर्जियाने क्लेमसनला ३४–३ चिरडलं, पण एसईसीच्या तक्त्यात या दोन्हींची किंमत शून्य. आकडेमोड चुकते ती बहुतेक वेळा इथेच: लोक एकूण १०–२, ९–३ बघून हिशोब मांडायला बसतात.

दोन किंवा जास्त संघ सारख्या जय-पराजयावर आले तर पायऱ्या अशा आहेत, याच क्रमाने:

पहिली पायरी, आपसातले सामने. दोनच संघ असतील आणि ते एकमेकांशी खेळले असतील तर प्रश्न तिथेच संपतो. तीन किंवा जास्त असतील तर ही पायरी तेव्हाच चालते जेव्हा सगळे सगळ्यांशी खेळलेले असतात, किंवा एखाद्याने बाकी सर्वांना हरवलेलं असतं (तो वर जातो), किंवा एखादा बाकी सर्वांकडून हरलेला असतो (तो गळतो).

दुसरी, सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी. सामाईक म्हणजे बरोबरीतल्या प्रत्येक संघाने ज्याच्याशी सामना खेळला आहे तो. चार संघ अडकले असतील तर चारही जणांचा समान प्रतिस्पर्धी हवा. जोडीजोडीने वेगळे काढून चालत नाही.

तिसरी, त्याच सामाईक प्रतिस्पर्ध्यांपैकी तक्त्यात सर्वांत वर असलेल्याविरुद्ध काय झालं ते बघायचं. तिथे फरक पडला नाही तर त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा.

चौथी, ज्या आठ जणांशी खेळलात त्यांच्या कॉन्फरन्समधल्या जय-पराजयाची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त जिंकले, म्हणजे ज्याच्या वाट्याला अवघड वेळापत्रक आलं, तो वर.

पाचवी, गुणांच्या फरकावर आधारलेलं एक मोजमाप, पण त्याला वरची मर्यादा घातलेली आहे. दुबळ्या संघाला सत्तर गुणांनी बदडून फायदा उकळता येऊ नये हा हेतू. आणि शेवटी चिठ्ठी.

२०२४ मध्ये प्रत्यक्षात पहिल्याच पायरीवर काम भागलं. टेक्सास एकटा ७–१, त्याला कुणाची बरोबरी नाही. जॉर्जिया आणि टेनेसी दोघे ६–२, आणि १६ नोव्हेंबरला जॉर्जियाने टेनेसीला ३१–१७ हरवलेलं. म्हणून जॉर्जिया दुसरा.

अलाबामाने जॉर्जियाला हरवलं हे खरं. पण अलाबामा ५–३ आणि जॉर्जिया ६–२. आपसातला सामना बरोबरी झाली तरच बघतात. बरोबरी नाही तर तो सामना बाकीच्या सातांसारखाच एक.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या, कारण या हंगामाचं मर्म तिच्यात आहे. तक्ता वाचताना शेजारी वेळापत्रक ठेवा. टेक्सासच्या आठ प्रतिस्पर्ध्यांनी कॉन्फरन्समध्ये मिळून २४ सामने जिंकले. जॉर्जियाच्या आठ जणांनी ३०. ए अँड एमच्या आठ जणांनी ३१. प्रत्येकाचे जास्तीत जास्त ६४ धरले तर सरासरी ३२ येते. म्हणजे टेक्सासची ७–१ आणि जॉर्जियाची ६–२ या एका मापाच्या गोष्टी नाहीत. टेक्सासने आठपैकी सात जिंकले हे त्यांचं कर्तृत्व, पण अलाबामा, ओले मिस, टेनेसी, एलएसयू यांच्यापैकी एकाशीही त्यांची गाठ पडली नाही.

चौथा डाउन

आकडेमोड यांनी वेळापत्रकाचा मुद्दा काढला ते बरं झालं. त्यात हंगामाचा ओघ घालतो, म्हणजे ५–३ वर सहा संघ का साचले ते कळेल.

हे अलाबामाचं आधीचे प्रशिक्षक निक सेबन यांच्या निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष, नवे प्रशिक्षक केलन डिबोअर. २८ सप्टेंबरला टस्कलूसात जॉर्जियाला हरवून ते देशात पहिल्या क्रमांकावर गेले, आणि बरोबर एका आठवड्यात, ५ ऑक्टोबरला, नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टने त्यांना ४०–३५ हरवलं. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतल्या पहिल्या क्रमांकाच्या संघाला व्हँडरबिल्टने हरवण्याची ही पहिलीच वेळ. निकालाला नशीब म्हणून बाजूला सारू नका, आकडे बघा: व्हँडरबिल्टने १८ पैकी १२ थर्ड डाउन (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांतला तिसरा) पार केले आणि ६० मिनिटांपैकी ४२ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला. आपल्यापेक्षा वेगवान आक्रमणाला हरवायची ही जुनी आणि खात्रीची वाट आहे. त्यांना मैदानाबाहेर बसवून ठेवायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा आक्रमणाचा सूत्रधार, डिएगो पाविया थर्ड डाउनला स्वतः पळत होता, छोटे पास टाकत होता आणि अलाबामाच्या बचावाला दम खायला वेळच मिळत नव्हता. प्रेक्षकांनी गोलपोस्ट उपटून कंबरलँड नदीत नेऊन टाकले. कॉन्फरन्सने विद्यापीठाला एक लाख डॉलरचा दंड केला.

त्याच दिवशी आर्कन्सॉने टेनेसीला १९–१४ हरवलं. १९ ऑक्टोबरला टेनेसीने अलाबामाला २४–१७. ९ नोव्हेंबरला ओले मिसने आपल्या ऑक्सफर्डच्या मैदानावर जॉर्जियाला २८–१०. पण तेच ओले मिस घरच्या मैदानावर केंटकीकडून १७–२० हरले होते आणि केंटकीचा अख्ख्या हंगामातला कॉन्फरन्समधला तो एकमेव विजय. असा हा गुंता.

२३ नोव्हेंबरच्या सकाळी सहा संघ ६–२ वर येतील अशी शक्यता उघडी होती आणि आकडेमोड यांनी सांगितलेल्या चौथ्या-पाचव्या पायरीपर्यंत जावं लागेल असं चित्र होतं. त्या एका दिवसात ते सगळं साफ झालं. दुपारी गेन्सव्हिलला फ्लोरिडाने ओले मिसला २४–१७ हरवलं. संध्याकाळी नॉर्मनला ओक्लाहोमाने अलाबामाला २४–३ हरवलं, अलाबामाच्या जेलन मिल्रोचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. रात्री ऑबर्नने ए अँड एमला चार ओव्हरटाइमनंतर ४३–४१ हरवलं. हरवणाऱ्या तिघांपैकी ऑबर्न आणि ओक्लाहोमा हंगामाअखेर २–६ वर होते. वरच्या संघांना तळाच्या संघांनी पाडलं म्हणून मधला थर इतका जाड झाला.

मग ३० नोव्हेंबरला कॉलेज स्टेशनमध्ये टेक्सास विरुद्ध ए अँड एम. २०११ नंतर हे दोघे पहिल्यांदाच समोरासमोर, आणि जिंकेल तो अटलांटाला. टेक्सासने १७–७ जिंकला.

आता जॉर्जिया-टेक्सास. दोनदा खेळले, दोन्ही वेळा जॉर्जिया जिंकली, आणि कारण एकच: जॉर्जियाची बचावाची पुढची फळी. १९ ऑक्टोबरला ऑस्टिनमध्ये मध्यंतराला २३–० होतं. टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन युअर्स याला पास टाकायला वेळच मिळेना, तेव्हा काही काळ त्याला बसवून आर्च मॅनिंगला आणलं, तोही टिकला नाही. जॉर्जियाने त्या दिवशी सात सॅक केले, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला सात वेळा पाडलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेक्सासच्या जाडे बॅरनने पास अडवून घेतला, पण पास इंटरफिअरन्सचा (पास झेलणाऱ्याला नियमबाह्य अडवल्याचा) पंचांचा पिवळा रुमाल पडला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ थांबला, आणि त्या खोळंब्यात पंचांनी चर्चा करून निर्णय फिरवला. टेक्सासने लगेच टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण) करून २३–१५ केलं. तरी शेवट ३०–१५ असाच झाला. कॉन्फरन्सने टेक्सासला अडीच लाख डॉलर दंड केला. निर्णय योग्य होता की नाही हा वाद वेगळा. बाटल्या पडल्यावर निर्णय बदलला असं चित्र उभं राहणं खेळासाठी वाईट, हे मी ठामपणे म्हणेन.

अंतिम सामन्यात मध्यंतराला टेक्सास ६–३ पुढे होतं. पहिल्या अर्ध्यातल्या शेवटच्या चालीत जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक याच्या पास टाकणाऱ्या हाताच्या कोपराला इजा झाली. दुसऱ्या अर्ध्यात गनर स्टॉकटन आला. नवख्या क्वार्टरबॅकला लांब पास टाकायला न लावता जॉर्जियाने पळण्यावर आणि छोट्या पासवर भर दिला, बचावाने दाब सोडला नाही. टेक्सासने शेवटच्या मिनिटात फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारून १६–१६ केलं. ओव्हरटाइममध्ये टेक्सासला पुन्हा फील्ड गोलवरच थांबावं लागलं, आणि ट्रेव्हर एटिएनने चार यार्डांवरून टचडाउन करून सामना संपवला.

निळी शाई

दुसरा आणि तिसरा प्रश्न प्लेऑफचा आहे. आधी एक भेद पक्का करा: क्रमवारी वेगळी, प्रवेश वेगळा, मानांकन वेगळं. २०२४ मध्ये या तिन्हींचे नियम निरनिराळे होते.

क्रमवारी १३ जणांची निवड समिती ठरवते. शेवटची ८ डिसेंबरला आली.

प्रवेश बारा जणांना. त्यात पाच जागा समितीच्या क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना. हे विजेते कितव्या क्रमांकावर आहेत याला बंधन नाही. उरलेल्या सात जागा बाकीच्यांना क्रमवारीनुसार.

आता मांडून बघा. विजेते: ऑरेगन (क्रमांक १), जॉर्जिया (२), बॉयसी स्टेट (९), अ‍ॅरिझोना स्टेट (१२), क्लेमसन (१६). उरलेले सात: टेक्सास (३), पेन स्टेट (४), नोत्र दाम (५), ओहायो स्टेट (६), टेनेसी (७), इंडियाना (८), एसएमयू (१०). अलाबामा क्रमवारीत अकरावा. बारा जागा असूनही अकरावा बाहेर, कारण बाराव्या आणि सोळाव्या क्रमांकाचे दोघे विजेते म्हणून आत आले.

म्हणजे अलाबामाचा घात खरा कुठे झाला? एसीसीच्या अंतिम सामन्यात. क्लेमसनने शेवटच्या क्षणी ५६ यार्डांचा फील्ड गोल मारून एसएमयूला ३४–३१ हरवलं. एसएमयू जिंकलं असतं तर ते विजेते म्हणून गेले असते, क्लेमसन बाहेर राहिलं असतं आणि अलाबामाला जागा मिळाली असती. हरल्यावर समितीपुढे प्रश्न उभा राहिला: ११–२ चा एसएमयू वर ठेवायचा की ९–३ चा अलाबामा? समितीने एसएमयूला दहावा ठेवला. माझ्या मते बरोबर केलं. अलाबामाचे व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमाविरुद्धचे पराभव झाले तेव्हाही डोळ्यांत खुपणारे होते आणि नियमित हंगामाअखेर ते दोन्ही संघ ६–६ वर उरले. शिवाय अंतिम सामना खेळायला पात्र ठरलेल्याला जास्तीच्या सामन्याची शिक्षा द्यायची आणि घरी बसलेल्याला बढती द्यायची, हे न्यायाला धरून नाही.

एसईसीच्या आणखी दोन ९–३ संघांचंही बघा. ओले मिस चौदावा. त्यांचे तीन पराभव तीन, तीन आणि सात गुणांचे, पण त्यातले दोन केंटकी आणि फ्लोरिडाविरुद्ध. साउथ कॅरोलायना पंधरावी. त्यांनी ए अँड एमला ४४–२० आणि शेवटच्या शनिवारी खुद्द क्लेमसनला १७–१४ हरवलं होतं. पण अलाबामाकडून २५–२७ आणि ओले मिसकडून ३–२७ हरल्यामुळे त्या दोघांच्या वर त्यांना बसवणं अवघडच होतं.

मानांकन: त्या वर्षी पहिली चार मानांकनं फक्त कॉन्फरन्स-विजेत्यांसाठी राखीव होती, आणि या चौघांना पहिली फेरी खेळायची नव्हती. म्हणून बॉयसी स्टेट तिसरे, अ‍ॅरिझोना स्टेट चौथे. टेक्सास क्रमवारीत तिसरा असूनही विजेता नव्हता, म्हणून चार विजेत्यांनंतरचं पहिलं मानांकन, पाचवं.

मात्र पाचवं मानांकन तोट्याचं नव्हतं. पहिली फेरी स्वतःच्या मैदानावर बाराव्या मानांकनाशी, म्हणून टेक्सासने ऑस्टिनमध्ये क्लेमसनला ३८–२४ हरवलं. पुढे गाठ चौथ्या मानांकनाशी, म्हणजे क्रमवारीतल्या बाराव्या संघाशी: अ‍ॅरिझोना स्टेटला दोन ओव्हरटाइमनंतर ३९–३१. उपांत्य फेरीत ओहायो स्टेटकडून १४–२८ हार.

पहिली फेरी न खेळलेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. जॉर्जिया नोत्र दामकडून १०–२३ हरली. बेक नव्हता, स्टॉकटनचा कॉलेजमधला पहिलाच पूर्ण सुरुवातीपासूनचा सामना. मध्यंतराच्या तोंडावर त्याच्या हातून चेंडू निसटला आणि पुढच्याच चालीत टचडाउन, दुसऱ्या अर्ध्याचा पहिलाच किकऑफ ९८ यार्ड परत आणून आणखी एक टचडाउन. दोन्ही अर्ध्यांच्या त्या सांध्यावर सामना गेला. टेनेसीला नववं मानांकन, त्यांना ओहायो स्टेटच्या मैदानावर, कोलंबसला जावं लागलं आणि ओहायो स्टेटने ४२–१७ हरवलं.

माळरान

तिघांचेही आभार. निळी शाई, क्रमवारी-प्रवेश-मानांकन असं वेगळं काढल्यावर यादी एकदम सरळ झाली.

दोन उपप्रश्न. ३० नोव्हेंबरला ए अँड एम जिंकले असते तर टेक्सास, ए अँड एम, जॉर्जिया, टेनेसी असे चौघे ६–२ वर आले असते. तरी चौथा डाउन म्हणतात "जिंकेल तो अटलांटाला". टेनेसी किंवा टेक्सास दुसरे का आले नसते? आणि जॉर्जियाने जॉर्जिया टेकला आठ ओव्हरटाइमनंतर ४४–४२ हरवलं असं वाचलं. आठ ओव्हरटाइममध्ये इतके कमी गुण कसे?

आकडेमोड

उत्तम प्रश्न. पायऱ्यांचा खरा कस अशाच ठिकाणी लागतो. कागद घ्या.

पहिली पायरी: या चौघांत झालेले सामने तीनच. जॉर्जियाने टेक्सासला हरवलं, जॉर्जियाने टेनेसीला हरवलं, आणि आपण धरून चाललोय की ए अँड एमने टेक्सासला हरवलं. जॉर्जिया २–०, ए अँड एम १–०, टेनेसी ०–१, टेक्सास ०–२. इथे बहुतेक जण जॉर्जियाला पहिलं ठरवून मोकळे होतात. चूक. जॉर्जिया आणि ए अँड एम खेळलेलेच नाहीत, म्हणून जॉर्जियाने "सर्वांना" हरवलेलं नाही. टेक्साससुद्धा सर्वांकडून हरलेला नाही, कारण टेनेसीशी त्याचा सामना नाही. पायरी निकामी.

दुसरी: चौघांचे सामाईक प्रतिस्पर्धी शोधा. चारही वेळापत्रकं शेजारी ठेवली की फक्त दोन नावं उरतात, फ्लोरिडा आणि मिसिसिपी स्टेट. केंटकी तिघांकडे आहे, ए अँड एमकडे नाही. आर्कन्सॉ तिघांकडे आहे, जॉर्जियाकडे नाही. फ्लोरिडा आणि मिसिसिपी स्टेटला चौघांनीही हरवलं. सगळे २–०. पायरी निकामी. तिसरी पायरी याच दोन संघांवर चालणार, तीही निकामी.

चौथी: प्रतिस्पर्ध्यांचे विजय. ए अँड एम जिंकले असं धरून, म्हणजे टेक्सासच्या नावावर ६ आणि ए अँड एमच्या नावावर ६:

ए अँड एम: फ्लोरिडा ४, आर्कन्सॉ ३, मिझुरी ५, मिसिसिपी स्टेट ०, एलएसयू ५, साउथ कॅरोलायना ५, ऑबर्न २, टेक्सास ६. बेरीज ३०.

जॉर्जिया: केंटकी १, अलाबामा ५, ऑबर्न २, मिसिसिपी स्टेट ०, टेक्सास ६, फ्लोरिडा ४, ओले मिस ५, टेनेसी ६. बेरीज २९.

टेक्सास: मिसिसिपी स्टेट ०, ओक्लाहोमा २, जॉर्जिया ६, व्हँडरबिल्ट ३, फ्लोरिडा ४, आर्कन्सॉ ३, केंटकी १, ए अँड एम ६. बेरीज २५.

टेनेसी: ओक्लाहोमा २, आर्कन्सॉ ३, फ्लोरिडा ४, अलाबामा ५, केंटकी १, मिसिसिपी स्टेट ०, जॉर्जिया ६, व्हँडरबिल्ट ३. बेरीज २४.

ए अँड एम पहिले, तेही एका विजयाच्या फरकाने. उरलेल्या तिघांचा दुसऱ्या जागेसाठी निवाडा करायचा तर याच बेरजेने जॉर्जिया पुढे. आणि पुन्हा पहिल्या पायरीवर गेलात तरी जॉर्जियाने टेक्सास आणि टेनेसी दोघांनाही हरवलेलं आहे. कुठूनही मोजा, ए अँड एम विरुद्ध जॉर्जिया. म्हणूनच शेवटच्या शनिवारच्या आधीच जॉर्जियाची जागा पक्की होती.

टेनेसीला ही व्यवस्था जाचक वाटेल, पण त्यांच्या २४ कडे बघा. ओक्लाहोमा, केंटकी, मिसिसिपी स्टेट असे तळाचे तिघे त्यांच्या वाट्याला आले. नियम नेमकं तेच मोजतोय.

पाणकोंबडा

ओव्हरटाइमचं मी सांगतो.

घड्याळ नसतं. पहिल्या ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्ड रेषेवरून एकेक संधी. दुसऱ्यातही तेच, पण टचडाउन केलं तर एका गुणाची एक्स्ट्रा पॉइंटची किक मारता येत नाही, दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो. तिसऱ्यापासून पुढे अख्खी चढाई नाहीच: तीन यार्डांवरून दोन गुणांची एकेक चाल, आळीपाळीने, फरक पडेपर्यंत. हा नियम २०२१ पासूनचा. खेळाडूंच्या शरीरावरचा भार कमी व्हावा म्हणून आणला.

त्यामुळे "आठ ओव्हरटाइम" ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यातले शेवटचे सहा म्हणजे प्रत्येक संघाच्या सहा चाली. २९ नोव्हेंबरला जॉर्जियाच्या घरी, अथेन्समध्ये ६० मिनिटांअखेर २७–२७ होतं, मध्यंतराला जॉर्जिया टेक १७–० पुढे होतं. तिसऱ्या ओव्हरटाइमपासून दोन्ही बचाव तीन यार्डांवर ठाण मांडून बसले, बहुतेक प्रयत्न फसले, म्हणून गुण ४४–४२ वरच राहिले.

नाणेफेक जिंकणारा संघ जवळजवळ नेहमी आधी बचाव मागतो. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याला आपल्याला नक्की किती हवं ते माहीत असतं. एसईसीच्या अंतिम सामन्यात तेच दिसलं: टेक्सासने आधी खेळून तीन गुण घेतले. जॉर्जियाला ठाऊक होतं की फील्ड गोल आपल्या हुकमी अंतरात आहे, तेवढ्याने बरोबरी होते आणि टचडाउनने सामना मिळतो. घाई नव्हती. टचडाउन होताच सामना संपला, एक्स्ट्रा पॉइंट मारलाच नाही, म्हणून २२, २३ नाही.

आणि जॉर्जिया टेक हा संघ एसीसीचा. तो सामना एसईसीच्या तक्त्यात धरू नका. समितीपुढे मात्र तो मोजला जातो, जॉर्जियाच्या एकूण ११–२ मध्ये तो आहे.

चौथा डाउन

पुढच्या हंगामांचे तक्ते वाचताना हेच नियम जसेच्या तसे लावू नका, म्हणून थोडी भर.

२०२५ मध्ये एसईसीने आठच सामने ठेवले आणि प्रतिस्पर्धीही २०२४ चेच, फक्त मैदानांची अदलाबदल. २०२६ पासून नऊ सामने: तीन कायमचे प्रतिस्पर्धी, सहा फिरते. उरलेले बारा सहा-सहा करून दोन वर्षांत संपतात, म्हणजे दोन हंगामांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तरी गाठ. सामाईक प्रतिस्पर्धी वाढतील आणि दुसरी पायरी आजच्याइतकी लुळी राहणार नाही. मात्र नऊ हा विषम आकडा, दर वर्षी काहींना घरचे पाच आणि काहींना चारच सामने मिळणार.

प्लेऑफच्या मानांकनाचा नियमही २०२५ पासून बदलला. पहिली चार मानांकनं आता विजेत्यांसाठी राखीव नाहीत, बारा संघ क्रमवारीनुसार सरळ लावायचे. पाच विजेत्यांना प्रवेश मात्र कायम. या नियमाने २०२४ मांडलं असतं तर टेक्सास तिसरा आणि पेन स्टेट चौथा, दोघेही पहिल्या फेरीतून मोकळे, आणि अ‍ॅरिझोना स्टेटला अकराव्या मानांकनावरून परक्या मैदानावर खेळावं लागलं असतं.

सामन्याआधी अंदाज बांधायचा असेल तर २०२४ पासून एसईसीने सुरू केलेला खेळाडूंच्या उपलब्धतेचा अहवाल जरूर बघा. कॉन्फरन्समधल्या सामन्यांच्या आधी तो बुधवारपासून रोज येतो आणि शेवटचा सामना सुरू व्हायच्या ९० मिनिटं आधी. बुधवारचा "शंकास्पद" आणि त्या शेवटच्या अहवालातला "खेळणार नाही" यांत बरंच अंतर असतं, तेव्हा शेवटचाच धरा.